विश्लेषण : ख्रिसमस ट्रीवरचे सफरचंद आणि मराठीचा कल्पतरू, कोण होते फादर स्टीफन्स?

नाताळ जवळ आला की बीड, गेवराईच्या दुकानांत प्लास्टिकची हिरवी झाडे दिसू लागतात. तलवाड्यासारख्या गावातल्या मुलांनाही शाळेतल्या कार्यक्रमामुळे आणि मोबाइलवरच्या रील्समुळे हे झाड आता पाठ झाले आहे. खाली रुंद, वर निमुळते, अंगावर लाल गोळे, दिव्यांची माळ आणि शेंड्यावर चांदणी. त्या लाल गोळ्यांचा अर्थ काय, असे विचारले तर मात्र बहुतेक जण ‘सजावट’ म्हणून मोकळे होतात.

तो गोळा म्हणजे मुळात सफरचंद आहे. त्या सफरचंदामागची संपूर्ण गोष्ट, म्हणजे बागेतल्या झाडापासून बेथलेहेमच्या गोठ्यापर्यंत आणि तिथून क्रुसापर्यंत, चारशे वर्षांपूर्वी मराठी ओवीत सांगितली गेली आहे. सांगणारा माणूस इंग्रज होता. गंमत अशी की, त्याने स्वतः ख्रिसमस ट्री पाहिला असण्याची शक्यता फार कमी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे त्यांचे नाव. शाळेत मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या अनेकांनी पाठ केल्या असतील. पण त्या ओव्यांच्या मागचा माणूस आणि त्याचा काळ मात्र पाठ्यपुस्तकात मावत नाही.

आधी झाडाचा अर्थ काय?

बायबलमध्ये येशूच्या जन्माची जी हकिकत आहे, तिच्यात सूचिपर्णी झाड कुठेही नाही. तिथे गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, देवदूत आहेत, पूर्वेकडचे ज्ञानी लोक आणि त्यांना वाट दाखवणारा तारा आहे. मग झाड आले कुठून?

याचे एक उत्तर जुन्या पंचांगात सापडते. मध्ययुगीन युरोपात २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वेचा दिवस मानला जाई. नाताळच्या आदल्या दिवशी चर्चच्या आवारात त्यांच्या पतनाचे नाटक होई. आपल्याकडच्या दशावतारी खेळासारखेच ते लोकांसाठी केलेले धार्मिक नाटक होते. त्यात एदेन बागेतले निषिद्ध फळाचे झाड दाखवावे लागे. भर हिवाळ्यात जर्मन मुलखात हिरवे राहणारे झाड एकच, सूचिपर्णी. तेच आणून उभे करायचे आणि त्याला सफरचंदे बांधायची. नाटके हळूहळू बंद पडली, पण झाड लोकांच्या घरात शिरले. आजच्या फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहराविषयी १६०५ सालचे एक वर्णन मिळते. त्यात बैठकीच्या खोलीत उभ्या केलेल्या झाडावर कागदी गुलाब, सफरचंदे, पातळ पोळ्यांसारखे वेफर, सोनेरी वर्ख आणि साखरेची मिठाई टांगल्याचा उल्लेख आहे.

यातल्या दोन वस्तूंची जोडी महत्त्वाची. सफरचंद म्हणजे पहिल्या माणसाने आज्ञा मोडून खाल्लेले फळ, आणि वेफर म्हणजे मिस्साविधीत दिली जाणारी भाकर, ख्रिस्ताच्या शरीराचे चिन्ह. एकाच झाडावर रोगही आहे आणि औषधही. झाडामुळे माणूस पडला आणि झाडानेच, म्हणजे लाकडाच्या क्रुसाने, त्याला उचलले हा ख्रिस्ती धर्मविचारातला जुना धागा आहे. पुढे मेणबत्त्या आल्या, त्या जगाचा प्रकाश म्हणून. शेंड्यावरची चांदणी म्हणजे बेथलेहेमचा तारा. थंडीत न झडणारी पाने म्हणजे न संपणारे जीवन. सफरचंदांच्या जागी काचेचे गोळे एकोणिसाव्या शतकात आले, जर्मनीतल्या काच फुंकणाऱ्या कारागिरांमुळे. त्यानंतर प्लास्टिक आले आणि अर्थ गळून फक्त रंग उरला.

संत बोनिफेसने आठव्या शतकात जर्मनीत पूजेचा ओक तोडला आणि तिथेच सूचिपर्णी रोप उगवले, किंवा मार्टिन ल्यूथरला बर्फाळ रात्री झाडामागे चांदण्या दिसल्या आणि त्याने घरातल्या झाडावर मेणबत्त्या लावल्या, अशा कथा दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरतात. ओक तोडल्याची नोंद जुनी आहे. सूचिपर्णी रोप आणि ल्यूथरच्या मेणबत्त्या या मात्र नंतर जोडलेल्या कथा आहेत. दुसऱ्या बाजूने, यिर्मया संदेष्ट्याने असे झाड सजवायला मनाई केली आहे असाही एक संदेश फिरतो. ते वचन लाकडाची मूर्ती घडवून तिला सोन्या-चांदीने मढवण्याविषयी आहे. त्या काळी ख्रिसमसच नव्हता, तर त्याचे झाड कुठून असणार?

विल्टशरचा मुलगा गोव्यात कसा पोहोचला?

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास दक्षिण इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला. घरची स्थिती बरी होती. शिक्षण विंचेस्टरच्या नामांकित शाळेत झाले. ते दहा वर्षांचे होण्याच्या आतच एलिझाबेथ पहिली गादीवर आली आणि इंग्लंड पुन्हा प्रॉटेस्टंट झाले. कॅथलिक राहणे हा आधी दंडाचा आणि पुढे तुरुंगाचा विषय बनला.

तरुणपणी त्यांची थॉमस पाउंड या श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशी मैत्री झाली. दोघे गुपचूप हिंडत. पाउंड मालक आणि स्टीफन्स नोकराच्या वेषात, असे सोंग घेऊन ते छुप्या कॅथलिक घरांना भेटी देत. दोघांनी रोमला जाऊन जेझुइट संघात दाखल व्हायचे ठरवले होते. निघण्याआधीच पाउंड पकडले गेले आणि आयुष्याची सुमारे तीस वर्षे त्यांनी वेगवेगळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच निसटले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोममध्ये ते संघात दाखल झाले.

पुढचे सगळे समजून घ्यायचे तर ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. धर्मामुळे छळ म्हणजे काय, हे या माणसाला पुस्तकातून कळलेले नव्हते.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे जहाज निघाले. आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला ते गोव्याला लागले. साडेसहा महिन्यांच्या या प्रवासाचे वर्णन त्यांनी १० नोव्हेंबरला वडिलांना पत्रातून कळवले. वारे, दिशा, पक्षी, माशांचे थवे, हिरड्या सुजून आजारी पडणारे खलाशी, असे सगळे त्यात आहे. पत्र घरगुती, पण इंग्लंडमध्ये ते छापले गेले आणि व्यापाऱ्यांनी आवडीने वाचले. भारतात येऊन राहिलेला आणि इथली माहिती घरी कळवणारा पहिला ज्ञात इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचे नाव घेतात ते या पत्रामुळे. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायला अजून २१ वर्षे होती. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच आणि त्याच्या सोबतच्या इंग्रज व्यापाऱ्यांना पोर्तुगिजांनी हेर समजून गोव्यात कोठडीत टाकले, तेव्हा त्यांना जामीन मिळवून देण्यासाठी धावपळ करणाऱ्यांत स्टीफन्स होते. ज्या देशाने त्यांना परागंदा केले त्याच देशाच्या माणसांसाठी ही धावपळ होती.

माडाचे झाड आणि नवी भाषा

गोव्यात त्यांना साष्टीत पाठवण्यात आले. (ही साष्टी मुंबई-ठाण्याची नव्हे, दक्षिण गोव्यातला मडगाव, राशोल यांचा तालुका.) काही काळ इतर कामगिरी सोडली तर पुढची चाळीस वर्षे त्यांनी याच भागात काढली. तिथल्या जेझुइट विद्यालयाचे ते प्रमुखही झाले.

ते आधी बोली शिकले, म्हणजे कोकणी. मग पोथ्यांची मराठी. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी धाकट्या भावाला, रिचर्डला, लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक निरीक्षण नोंदवले : इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. भारतीय आणि युरोपीय भाषांचे कूळ एक, हा सिद्धांत विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात मांडला तो १७८६ मध्ये. स्टीफन्स दोनशे वर्षे आधी तिथपर्यंत पोहोचले होते आणि त्यांनी ते एका घरगुती पत्रात सहज लिहून टाकले होते.

त्याच पत्रात एका झाडाचे वर्णन आहे. ते झाड म्हणजे माड. तेल, ताडी, गूळ, साखर, शिर्का, बांधायला सुंभ, झोपडीवर शाकारायला झावळ्या आणि वर्षभर फळ. माणसाच्या इतक्या उपयोगी पडणारे झाड आपण पाहिले नाही, असे ते भावाला कळवतात. थंड देशातून आलेल्या या माणसाला इथल्या झाडांचे अप्रूप वाटत होते, हे त्यातून दिसते. ते पुढे त्यांच्या काव्यातही उतरले.

कुंकळ्ळीत काय घडले?

भावाला लिहिलेल्या त्या पत्राचा मुख्य विषय मात्र माड नव्हता, भाषाही नव्हती. विषय होता कुंकळ्ळीचा.

गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन सुरू झाले होते. १५६७ मध्ये साष्टीतली शेकडो देवळे पाडण्यात आली. हिंदूंच्या सणांवर, लग्नविधींवर बंधने आली. लोक मूर्ती उचलून नदीपलीकडे, आदिलशाहीच्या हद्दीत गेले. फोंडा भागातली अनेक देवस्थाने आज तिथे आहेत ती याच कारणाने. साष्टीतल्या कुंकळ्ळी आणि आसपासच्या गावांनी मात्र दबून राहायचे नाकारले. २५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा पाहायला पाच जेझुइट तिथे गेले. गावकऱ्यांनी त्यांना आणि त्यांच्या सोबतच्या काही जणांना ठार केले. मृतांत रुडॉल्फ अक्वाविवा होते. अकबराच्या फतेहपूर सिक्रीच्या दरबारात राहून ते नुकतेच परतले होते.

पोर्तुगिजांनी सूड घेतला. गावच्या म्होरक्यांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांतल्या बहुतेकांना मारण्यात आले. आज त्या लढ्याचे स्मारक कुंकळ्ळीत आहे आणि चर्चच्या लेखी ते पाच जेझुइट हुतात्मे आहेत. एकाच दिवसाच्या या दोन आठवणी गोव्यात अजून शेजारी शेजारी नांदतात.

मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांचे देह परत आणण्यात स्टीफन्स यांचा हात होता. त्या वेळी ते चौतिशीत होते आणि गोव्यात येऊन चार वर्षे झाली होती. यानंतर इथल्या लोकांविषयी मनात कडवटपणा धरून परत जाणे किंवा किल्ल्याच्या भिंतीआड राहणे त्यांना शक्य होते. ते लोकांमध्येच राहिले आणि त्यांच्या भाषेत शिरत गेले. त्यांना संत ठरवायची गरज नाही. ते ज्या सत्तेच्या आश्रयाने काम करत होते तिनेच ही देवळे पाडली होती. त्यांच्या ग्रंथातही मूर्तिपूजेवर टीका आहेच. पण त्याच सत्तेचे बहुसंख्य लोक या भाषेला मोडून काढण्याजोगी वस्तू समजत असताना त्यांनी तिला काव्य लिहिण्याजोगी मानले, हेही खरे आहे.

पुराण कशासाठी लिहिले?

ग्रंथाच्या सुरुवातीला त्यांनीच कारण दिले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी आपली जुनी पुराणे सोडली होती, किंवा ती त्यांच्याकडून काढून घेतली गेली होती. हिंदू घरांतून पोथ्या जप्त करून त्यांची भाषांतरे करवून घेतल्याच्या नोंदी जेझुइटांच्याच कागदपत्रांत आहेत. प्रश्नोत्तरांची छोटी धर्मपुस्तिका पाठ करून घेतली जाई, पण तिच्यात गोष्ट नव्हती, लय नव्हती. संध्याकाळी चार माणसांनी बसून ऐकावे असे त्यांच्याकडे काही उरले नव्हते. नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींकडे येऊन हेच मागतो, अशी मांडणी करून स्टीफन्स गोष्ट सुरू करतात. कुणी प्रश्न विचारतो, पाद्री उत्तर देतो, रविवारमागून रविवार कथा पुढे सरकते. पोथी ऐकलेल्या कोणालाही ही रचना परकी वाटणार नाही.

ग्रंथाला आपण आज ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो. सुमारे ११ हजार ओव्या आणि दोन भाग. पहिल्या पुराणात जगाची उत्पत्ती, आदाम आणि हव्वा, बागेतले ते झाड, पतन, जलप्रलय, संदेष्टे आणि तारणाऱ्याची वाट पाहणे. दुसऱ्या पुराणात येशूचा जन्म, जीवन, क्रूस आणि पुनरुत्थान. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. पुराणिकाचे शब्द, उपमा, थांबे, सगळे इथलेच.

आता स्ट्रासबुर्गच्या त्या झाडाकडे पुन्हा पाहा. त्यावर एका फांदीला सफरचंद, दुसरीला वेफर. ख्रिस्तपुराणाच्या दोन भागांची विभागणी हीच आहे : पहिले झाडापाशी हरवलेल्याचे, दुसरे लाकडावर मिळवलेल्याचे. जर्मन बायाबापड्यांनी जे घरात उभे केले तेच साष्टीतल्या या पाद्रीने ओवीत उभे केले, तेही जवळपास त्याच दहा वर्षांत. दोघांना एकमेकांची कल्पनाही नव्हती. फरक इतकाच की झाड जगभर गेले आणि ओव्या हस्तलिखितांत अडकल्या.

रुखांमध्ये कल्पतरू

पहिल्या पुराणात स्टीफन्स यांनी मराठीची थोरवी सांगितली आहे. खड्यांमधले रत्न, फुलांतला मोगरा, सुगंधातली कस्तुरी, पक्ष्यांतला मोर, ताऱ्यांतल्या बारा राशी, अशा उपमा ते देतात. त्यात झाडांचीही पाळी येते. झाडांमध्ये जसा कल्पतरू, तशी भाषांमध्ये मराठी, असा त्याचा आशय.

याकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्रात मुरलेल्या माणसाला झाड म्हटले की एदेनमधले झाड आठवायला हवे, लबानोनचा गंधसरू आठवायला हवा. त्यांनी निवडला मागेल ते देणारा इंद्राच्या बागेतला कल्पतरू. ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर जे झाड आहे तेच घ्यायचे, ही पुराणिकाची समज त्यात आहे. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या, दसऱ्याला आपट्याची पाने लुटणाऱ्या आणि उंबराखाली दत्ताची पादुका पाहणाऱ्या माणसांना झाडात देवत्व असते हे समजावून सांगावे लागत नाही. त्यांना परका वाटतो तो फक्त बर्फातला सूचिपर्णी.

पैठण, अंबाजोगाई आणि राशोल

मराठवाड्याच्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्टीफन्स गोव्यात उतरले तेव्हा तलवाड्याच्या गेवराई तालुक्याला लागून वाहणाऱ्या गोदावरीच्या वरच्या अंगाला, पैठणला, संत एकनाथ हयात होते. त्यांचे भागवत काशीत पूर्ण होऊन सहा वर्षे झाली होती. १५८४ मध्ये, म्हणजे कुंकळ्ळीच्या दुसऱ्याच वर्षी, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. १५९९ मध्ये एकनाथ गेले.

बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईला, दासोपंत लिहीत होते. दत्ताचे हे भक्त स्टीफन्स यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. गीतेवरचा त्यांचा अवाढव्य ‘गीतार्णव’ आणि लांबलचक कापडावर लिहिलेली ‘पासोडी’ प्रसिद्ध आहे. १६१५ मध्ये दासोपंतांचे निधन झाले. त्याच वर्षी ख्रिस्तपुराणाला छपाईची परवानगी मिळाली. पैठण, अंबाजोगाई आणि राशोल ही तीन गावे तीन वेगळ्या जगांत होती. एकीकडे निजामशाही, दुसरीकडे पोर्तुगीज. पण तिन्ही ठिकाणी लेखणीखाली ओवीच होती. स्टीफन्स यांच्या ओवीवर संतांच्या रचनेचा ठसा अभ्यासकांनी दाखवला आहे. ज्या पोथ्या जप्त करून खोडून काढायच्या म्हणून वाचल्या, त्यांनीच वाचणाऱ्याला ओवी शिकवली.

सहाशे ठशांचा प्रश्न

ओव्या मराठी, पण छापल्या रोमन लिपीत. हे स्टीफन्स यांना पटलेले नव्हते. ५ डिसेंबर १६०८ च्या पत्रात त्यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांकडे इच्छा कळवली : या भूमीची भाषा या भूमीच्याच अक्षरांत छापलेली पाहायची आहे. मलबारात असे झाले आहे, इथे का नाही?

अडचण तांत्रिक होती. युरोपातल्या लिपीला चोवीस अक्षरांचे साचे पुरत. इथे काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे धरून सहाशेच्या घरात साचे पाडावे लागतील असा हिशेब होता. एवढे ठसे पाडणे त्या काळी गोव्यात जमण्यासारखे नव्हते. ज्यांना हे पत्र लिहिले ते संघप्रमुख क्लॉडिओ अक्वाविवा हे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रुडॉल्फ यांचे काका होते, हा योगायोगही नोंदवण्याजोगा.

देवनागरी ठसे काही झाले नाहीत. १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यात ग्रंथ रोमन अक्षरांतच निघाला. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, सत्तरीच्या स्टीफन्स यांचे साष्टीतच निधन झाले. ते पुन्हा कधीही इंग्लंडला गेले नाहीत. त्यांची कोकणी धर्मपुस्तिका १६२२ मध्ये आली. कोकणी व्याकरण १६४० मध्ये छापले गेले आणि भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याची गणना होते. ग्रंथ मराठीचा की कोकणीचा, हा वाद त्यांच्या मागे लागला तो यामुळेच. त्यांनी मात्र तो आधीच मिटवला होता : मराठी लिहायची, आणि सामान्यांना कळावे म्हणून तिच्यात इथली बोली मिसळायची.

मग ग्रंथ हरवला कसा?

१६४९ आणि १६५४ मध्ये ख्रिस्तपुराण पुन्हा छापले गेले. म्हणजे वाचणारे होते. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज बोलायला शिकावे, असा हुकूम होता. स्टीफन्स यांनी चाळीस वर्षे जे केले त्याच्या बरोबर उलट दिशेचा हा हुकूम. तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

वाचली ती हस्तलिखिते. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती जपली आणि त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळुरूला जे. एल. सालढाणा यांनी रोमन लिपीत आवृत्ती काढली. त्यानंतर १९२०च्या दशकात जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने लंडनच्या ग्रंथसंग्रहातले एक देवनागरी हस्तलिखित उजेडात आणले. विल्यम मार्सडेन या इंग्रज संग्राहकाकडून ते तिथे आले होते. त्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी बऱ्याच ठिकाणी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. मूळ पाठ तोच, असे ॲबट यांचे मत होते. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही. हेच ॲबट पुढे एकनाथ आणि दासोपंत यांची चरित्रे इंग्रजीत नेणारे भाषांतरकार. पैठण, अंबाजोगाई आणि राशोल अखेर एका माणसाच्या टेबलावर एकत्र आली ती अशी.

देवनागरीतली पूर्ण आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यातून काढली. १६०८ च्या पत्रातली इच्छा पूर्ण व्हायला साडेतीनशे वर्षे लागली. मधल्या काळात नगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले होते. १९१९ मध्ये ते अपुरे ठेवून टिळक गेले आणि ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. परंपरा तुटली तरी कुठून ना कुठून तिला पुन्हा फुटवा येत राहिला. बीडच्या शेजारी, उस्मानाबादला, जानेवारी २०२० मध्ये वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरूने मराठीच्या व्यासपीठावर का बसावे असा आक्षेप काहींनी घेतला होता. स्टीफन्स यांचे नाव माहीत असते तर तो आक्षेप कदाचित घेतला गेला नसता.

स्टीफन्स यांनी ख्रिसमस ट्री पाहिला होता का?

बहुधा नाही. ते वाढले त्या इंग्लंडमध्ये नाताळला घरात हॉली आणि आयव्हीच्या डहाळ्या लावत. झाड उभे करण्याची चाल तिथे रुजली ती एकोणिसाव्या शतकात. व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट जर्मन होते. राजघराण्याचे झाडाभोवतीचे चित्र १८४८ मध्ये लंडनच्या साप्ताहिकात छापले गेले आणि घरोघरी झाड आले. कॅथलिक देशांत तर बराच काळ ही प्रॉटेस्टंटांची चाल समजली जाई. त्यांच्याकडे मान गोठ्याच्या देखाव्याला. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी तो पहिल्यांदा जिवंत जनावरांसह उभा केला होता. व्हॅटिकनच्या चौकात पहिले झाड लागले ते थेट १९८२ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात.

गोव्यात आणि मुंबईत प्लास्टिकचे झाड येण्याआधी, आणि काही घरांत अजूनही, समुद्राकाठच्या सुरूची फांदी तोडून तिलाच चांदण्या लावतात. सुरूही इथला मूळचा नव्हे. पण तो वाळूत तग धरतो, बारमाही हिरवा असतो आणि लांबून पाहिला तर थोडाफार तसाच दिसतो.